नियम घेतलेली नेमबाज

गेम खेळून पोट भरता येतं, हे आमच्या पाहुण्यारावळ्यांना पटवण्यापेक्षा म्हशीला शिडी चढायला शिकवणं सोपं. कुणी घरी आलं आणि "पोरगी काय करती?" म्हणून विचारलं की माझ्या आधी आईच उत्तर द्यायची, "बी.कॉम. झालंय. बँकेच्या परीक्षा देणार हाय." त्या वेळी मी आतल्या खोलीत कानात इयरफोन कोंबून कुणाच्या तरी टाळक्यात गोळी घालत असायचे.

आम्ही माधवनगरचे, जैन. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो, त्यांचा सांगलीत हळदीचा व्यापार. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पाणी गाळून प्यायचं, आणि ओट्यावर मुंग्या आल्या तर फुंकर मारून वाटेला लावायच्या, पुसायच्या नाहीत. "आमची ही बटाटा खात न्हाई, पर माणसं मारती," असं अप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. आईला ते अजिबात आवडायचं नाही.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार-चार जणांचे बरेच संघ एका बेटावर उतरतात. मोकळ्या घरांतून बंदुका आणि औषधं गोळा करायची आणि एकमेकांना मारत सुटायचं. भोवतीनं एक निळी भिंत आवळत येते. तिच्या बाहेर राहिलात तर जीव थेंबाथेंबानं गळतो, औषध-पट्टी करत राहिलात तरच तगता. शेवटी जो उरेल तो जिंकला. झालं, एवढंच. याच्यावर लोक पगार घेतात म्हटल्यावर अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

आमच्या संघात मी एक पोरगी आणि तीन पोरं. एक उंब्रजचा, एक कराडचा, एक साताऱ्याचा. एकमेकांना आम्ही गावावरूनच हाक मारायचो, मी त्यांची सांगलीकर. उंब्रजकराचं घर शेतीवालं, दोन चुलते फौजेत. तो गेममध्ये पण चुलते सुट्टीला आल्यावर बोलतात तसा बोलायचा. कराडकर इंजिनिअरिंगला होता आणि वर्गात कमी, खोलीवर जास्त असायचा. सातारकर बोलायचाच नाही. मरताना फक्त "गेलो" म्हणायचा, तेवढाच त्याचा आवाज. मी सगळ्यांत पुढं असायचे, बंदूकवाली. आमच्याकडच्या पोरी "मी जातो, मी मारतो" असंच बोलतात, त्यामुळं समोरच्या संघांना कितीतरी दिवस मी पोरगाच वाटत होते. मी पण खुलासा केला नाही. कशाला नसती उठाठेव?

बेटावरच्या जागांना आम्ही आमचीच नावं ठेवली होती. उंच गवत म्हणजे ऊस. लांबलचक गोदामं म्हणजे मार्केट यार्ड. नदीवरचा पूल म्हणजे कराडचा पूल. "उसात दोघं बसल्यात रं, यार्डाच्या मागनं ये" एवढं उंब्रजकर म्हणाला की पुरायचं. दुसऱ्या संघानं चोरून ऐकलं असतं तरी कप्पाळ कळलं असतं.

लोकांना वाटतं, लोळत पडायचं आणि अंगठे हलवायचे. या म्हणावं, एक आठवडा करून दाखवा! मी दोन बोटांऐवजी चार बोटांनी खेळायला शिकले तेव्हा महिनाभर मला भाकरीचा घास नीट मोडता येत नव्हता. घामानं बोट घसरतं म्हणून अंगठ्यांना कापडी टोप्या घालायचे, तर शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, "पोरीला भाजलं का काय?" मोबाईल तव्यासारखा तापायचा. मग दोन डावांच्या मध्ये मी तो रुमालात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायचे. आणि सगळ्यांत वाईट काम म्हणजे आपलेच हरलेले डाव परत बघणं. आपण किती शहाणे आहोत ते तिथं दिसतं. कराडकर ते डाव थांबवून थांबवून दाखवायचा, "इथं का पळालीस? इथं कोण बसलंय तुझं?" मला इतका राग यायचा की मी इयरफोन काढून त्याला शिव्या द्यायचे आणि परत घालून म्हणायचे, "हां, पुढं दाखव." पुढच्याला पाऊल टाकताना ऐकायचं, त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या आधी ओळखायचं, आणि चुकलं तर रडत न बसता दुसऱ्या डावाला बसायचं. एवढं सगळं करूनही घरच्यांच्या लेखी मी रिकामटेकडीच.

पुण्यात एक पगारी संघ होता. त्यांना नवे खेळाडू घ्यायचे होते आणि त्यासाठी ते ऑनलाइन ट्रायल घेणार होते. आमच्या चौघांचं नाव त्यात लागलं. मी आईपुढं जाऊन उभी राहिले. आई म्हणाली, "एकदा. एकदाच. घेतलं तर जा पुण्याला, मी आडवी येणार न्हाई. न्हाई घेतलं तर ते डबडं माझ्या कपाटात आणि तू क्लासला." डबडं म्हणजे माझा मोबाईल. मी कबूल झाले. न होऊन सांगते कुणाला?

त्या वर्षी आमच्या बस्तीत, म्हणजे देवळात, एका मुनी महाराजांचा चातुर्मास होता. भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व असतं. प्रवचन झालं की लोक उठून महाराजांकडून काहीतरी नियम घेतात. कुणी दहा दिवस गोड सोडतं, कुणी टीव्ही. एका काकांनी एकदा बायकोशी भांडण सोडायचा नियम घेतला होता. तो त्यांनी घरी जाताना रिक्षातच मोडला.

पर्वाच्या पहिल्याच सकाळी महाराजांनी पिठाच्या कोंबड्याची गोष्ट काढली. एका राजानं खरा कोंबडा न मारता पिठाचा केला आणि त्याचा बळी दिला, तरी त्याला कितीतरी जन्म ते पाप भोगावं लागलं. कोंबडा खोटा होता, मारायची इच्छा खरी होती, असं महाराज म्हणाले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला घाम फुटला. शेजारी बघते तर आई माझ्याकडंच बघत होती. मी मान खाली घातली. तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं आणि भर सभेत माझा हात वर केला.

"काय नियम घ्यायचाय?" महाराजांनी विचारलं.

"धा दिवस माणसं मारणार न्हाई ती," आई म्हणाली.

सगळी बस्ती गर्रकन वळली. पुढच्या रांगेतली एक बाई आपलं पोरगं ओढून मांडीवर घेऊन बसली. आईला मग कळलं आपण काय बोललो. "मोबाईलात, महाराज! मोबाईलात!" असं ती ओरडली, आणि पुरुषांच्या बाजूला अप्पा उपरण्यात तोंड घालून गदागदा हलायला लागले.

महाराज हसले. म्हणाले, "स्वतःच्या हातानं कुणाला मारणार नाहीस ना, मुली?" आता एवढ्या लोकांत कोण "मारणार" म्हणेल? मी हात जोडले. नियम झाला.

घरी येऊन मोबाईल उघडला तर ट्रायलची तारीख आली होती. पर्व संपायच्या आदल्या दिवशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथं तर माझा हात दुसऱ्यानंच दाखवला होता! मी आईवर जी उसळले ती उसळलेच. "माझ्या जिवावर उठलीयस तू! मुद्दाम केलंस हे!" तिनं मुद्दाम केलं नव्हतं, तारीख तिला तरी कुठं माहीत होती? तिचंही तोंड उतरलं. पण नियम म्हणजे नियम. "महाराजांपुढं हात जोडल्यात. मोडायचा न्हाई," एवढंच ती म्हणत राहिली.

"मारू नकोस," अप्पा मध्येच म्हणाले. "दुसऱ्याला सांग, त्यो मारील."

"करणं, करवणं आणि केल्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप सारखंच असतंय," आई म्हणाली.

"मग तू हळदीचा भाव पाडणाऱ्याला रोज शिव्या देतीस, त्याचं काय?" अप्पांनी विचारलं. आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते पेपर घेऊन बाहेर गेले. पण त्यांच्या बोलण्यानं मला फट दिसली. महाराज म्हणाले होते, स्वतःच्या हातानं. दुसऱ्याच्या हाताबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. वकिली मी व्यापाऱ्याच्या घरात जन्मून शिकलेय.

दुपारी तिघांना फोनवर घेतलं आणि सांगितलं. मग उंब्रजकर फुटला. "आगं, बंदूकवालीच तू! तू मारणार न्हाईस तर आमी काय तितं हळदी-कुंकवाला जायाचं व्हय?"

"नियम आहे माझा."

"नियम! आमच्या गावात नियम घेतल्यालं लोक दारू सोडत्यात गं. तू गोळी सोडलीस!"

कराडकर म्हणाला, आपण दुसरा खेळाडू घेऊ. आणि तेव्हा सातारकर बोलला. चक्क बोलला. "तीच ऱ्हाऊदे. तिला ऐकू लय चांगलं येतं." एवढं बोलून तो परत गप्प झाला. मला भडभडून आलं. पण गेममधल्या माणसांपुढं रडायचं नसतं, म्हणून मी कराडकराला एक शिवी हासडली आणि आम्ही कामाला लागलो.

बंदूकवाल्याचं काम उंब्रजकराला दिलं. मी झाले संघाची नर्स. सगळ्यांची औषधं, पट्ट्या माझ्या पिशवीत. कुणी पडला की धुराचा डबा फोडून त्या धुरात सरपटत जायचं आणि त्याला उठवायचं. गाडी मी चालवायची. कोण कुठं आहे ते ऐकून मी सांगायचं. पहिले दोन दिवस माझं बोट आपोआप गोळीवर जायचं. समोर माणूस दिसला की हात शिवशिवायचे, आणि मी अंगठा दातात धरायचे. पण मग एक गंमत कळली. मारायच्या नादात मी आजवर बेट कधी बघितलंच नव्हतं. भिंत कुठल्या अंगानं येते, घाबरलेला माणूस कुठल्या झाडामागं जातो, दोन संघ भिडले की तिसरा कुठनं घुसतो, हे आता दिसायला लागलं. दुसऱ्याला उठवणं हे मारण्यापेक्षा अवघड आहे, हेही कळलं. मारायला एक क्षण लागतो. उठवायला त्याच्याजवळ बसून राहावं लागतं आणि तोवर गोळ्या आपल्याला लागत असतात.

ट्रायलच्या दिवशी दुपारी गल्लीतल्या गणपतीपुढं स्पीकर लागला. खिडकीची काच थरथरत होती आणि मला म्हणे पावलांचा आवाज ऐकायचा होता! अप्पा दुकान सोडून आले, मंडळाच्या पोरांकडं गेले, काय बोलले कुणास ठाऊक, पण स्पीकर बंद झाला. (मागनं कळलं, "घरात बँकेची परीक्षा चालू हाय" म्हणून सांगितलं होतं.) आईचा उपास होता. ती म्हणाली होती, मी तिकडं फिरकणार पण न्हाई. डाव सुरू झाला आणि बघते तर पदर खोचून माझ्या खुर्चीमागं उभी.

आधीचे डाव बरे गेले. शेवटच्या डावात आम्ही अगदी टोकापर्यंत पोचलो. बाकीचे संघ संपले, समोर एकच संघ राहिला. आणि तिथं माती खाल्ली. कराडकर उघड्यावर गेला आणि पडला. त्याच्या मदतीला सातारकर. "गेलो." उंब्रजकरानं समोरचे तिघं लोळवले आणि चौथ्यानं त्याला लोळवला. "सांगलीकर, आता तूच गं! बघ काय ते!" असं ओरडून तो गेला. उरले मी, आणि समोर एक पोरगा. तो दगडाआड, मी खळग्यात, मध्ये माझा धूर. आणि भोवतीनं निळी भिंत.

धूर क्षणभर फाटला आणि मला तो दिसला. स्वच्छ दिसला. दगडाच्या कडेला पाठमोरा, पट्टी बांधत बसला होता. एका गोळीचं काम. माझं बोट वर आलं.

"मार की गं!" कानाशी आवाज आला. "दिसतोय की मुडदा! घाल गोळी! घाल!"

ती आई होती. उपाशीपोटी, महाराजांची श्राविका, मुंग्यांना वाट देणारी माझी आई.

"नियम!" मी ओरडले.

"चुलीत गेला नियम—" असं ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मी गोळी घातली नाही. खोटं कशाला सांगू, त्यात पुण्याबिण्याचा विचार नव्हता. आठवडाभर अंगठा दातात धरून पाळलेलं आता शेवटच्या क्षणाला सोडायचं नाही, एवढा हट्ट होता. भिंत आमच्या दोघांच्या अंगावरून गेली. आता आत जागाच राहिली नाही. दोघांचाही जीव गळायला लागला. त्यानं पट्टी बांधली, मी पट्टी बांधली. त्यानं धुरात अंदाजानं गोळ्या झाडल्या, माझ्या डोक्यावरून गेल्या. परत पट्टी. परत पट्टी. माझ्या पिशवीत चौघांची औषधं होती, त्याच्याकडं एकट्याची. मी खळग्यात बसून ऐकत होते. पट्टी फाडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मग पडद्यावर आलं की आम्ही जिंकलो.

उंब्रजकर इतका बोंबलला की माझ्या इयरफोनचा एक कान कायमचा गेला. अप्पांनी आईला ओढून नाचवायचा प्रयत्न केला, ती हात झटकून देवापुढं जाऊन बसली.

दोन दिवसांनी पुण्याच्या संघाच्या कोचचा फोन आला. मला घेतलं होतं. एकटीला. गोळी मारणारी पोरं पोत्यानं मिळतात, म्हणाले, शेवटपर्यंत तग धरून बसणारी मिळत नाहीत. उंब्रजकराला सांगता सांगता मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडतीस कशाला? मी चाललोच हाय भरतीला. जा तू. पर तिकडं कुणी विच्यारलं तर सांग, उंब्रजकरानं तिघं लोळवलं म्हणून तू उरलीस." ते खरंच होतं. आईनं बस्तीत पेढे वाटले. पोरीनं नियम पाळून नाव काढलं म्हणून बायकांनी माझी अलाबला घेतली.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखवलं त्याच्यापुढं हात जोडायचे आणि "उत्तम क्षमा" म्हणायचं. आता सगळं मोबाईलवर फुलांच्या चित्रासकट येतं-जातं, कोण कुणाला कशाबद्दल क्षमा करतंय त्याचा पत्ता नसतो. त्या दिवशी आई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "त्या पोराला फोन लाव."

"कुठल्या?"

"ज्याला मी मार म्हटलं, त्याला. माझ्या मनात आलं ते आलंच की. क्षमा मागितल्याबिगर मला घास जायचा न्हाई."

मी डोक्याला हात लावला. पण ट्रायलच्या ग्रुपमध्ये त्याचा नंबर होता. लावला, स्पीकर चालू केला. पोरगा बार्शीकडचा निघाला. आईनं हात जोडून, फोनला नमस्कार करून सगळं सांगितलं. पर्व, नियम, दगड, गोळी. तो बराच वेळ "कोण बोलतंय? कोण काकू?" करत राहिला. मी हसू दाबत होते. मग त्याला कळलं.

"म्हणजे मी त्यांना दिसत होतो?" त्यानं विचारलं.

"व्हय रं बाळा. पर तिनं न्हाई मारलं तुला. नियम होता तिचा."

"मारायला पाहिजे होतं, काकू," तो म्हणाला. "झटक्यात सुटलो असतो. एकेक पट्टी बांधायचो आणि वाटायचं, आता समोरचा संपेल, आता मी जिंकेन. शेवटची पट्टी बांधली तेव्हा माझी आई शेजारी बसली होती. तिला त्यातलं काही कळत नाही. माझं तोंड बघून ती म्हणाली, पाणी देऊ का रं?"

आईचे जोडलेले हात तसेच राहिले. "परत खेळशील की बाळा," ती म्हणाली.

"नाही काकू. घरी एकदाच म्हणून कबूल केलं होतं. झालं आता ते. तुम्ही कशाला क्षमा मागताय? ताईंना शुभेच्छा सांगा." आणि त्यानं फोन ठेवला.

माझं हसू कधी गेलं ते कळलं नाही. आई उठली, माझी पुण्याची बॅग भरायला घेतली. कपडे घड्या करून ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तितं गेल्यावर कुणाला मारायची वेळ आली तर सरळ गोळी घाल. असं झिजवून मारू नकोस कुणाच्या लेकराला."